नव्वद सेकंद

उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या ऑफिसात
तो काळा डबा अजून आहे,
खाली गुळाच्या अडत्याच्या कॅलेंडरची घडी,
कारण तो तापायचा आणि टेबलाचा सनमायका तेव्हा नवा होता.

मेहबूब शिकलगारनं बसवला.
आजा विळ्यांना धार लावायचा, बाप कात्र्यांना,
हा मोडेमला.
"मॅडम, कंपनीचं सेटिंग कंपनीच्या गावाला ठीक.
आपली लाईन शाहूपुरीच्या गटारीतनं भिजत येतीया.
तिला दम खायला येळ द्यावा लागतोय."

टोन काढून त्यानं पल्स केला.
आकडे कटकट करत जायचे,
नऊ आला की जरा जास्तच.
दिवसाला प्रोफाइल शून्य : रिंग आली तरी उचलायचं नाही.
रात्रीला प्रोफाइल एक : दोन रिंगांनंतर उचलायचं,
पुण्याची पार्टी रात्री ड्रॉइंग पाठवायची, स्वस्तात.
एस सात, म्हणजे समोरच्याची वाट किती बघायची,
ते पन्नासावरून नव्वद.
आवाज एल तीन, सगळ्यात मोठा.
मी म्हटलं, कानठळ्या बसतात हो.
म्हणाला, "लाईन ऐकू यायला पायजे."

आणि शेवटी अँड डब्ल्यू.
"हे इसरलासा तर सगळं पाण्यात.
बोलल्यालं लाईटीबरोबर जातंय,
लिवल्यालं ऱ्हातंय."
मी व्हाउचर बुकाच्या पाठीवर मराठीत उतरवून घेतलं :
एटी अँड डब्ल्यू शून्य. एटी अँड डब्ल्यू एक.
खाली त्याच्या चहाचा गोल डाग.

मग तो मस्कतला गेला, असं कळलं.
कुणी म्हणालं मस्कत नव्हे, मिरज.

ब्रॉडबँड आलं, फायबर आलं,
शेठजींचा मुलगा आला.
आज म्हणाला, कपाट रिकामं करा, भंगारवाला बाराला येतोय.
मी काय म्हणून कोण जाणे
जुना कॉम्प्युटर पुसून डबा जोडला
आणि एटी अँड व्ही मारलं :
दाखव, काय काय धरून ठेवलंयस ते.

दिवे लागले. त्यानं सगळं सांगितलं.
शून्य तसंच, एक तसंच, नव्वद तसेच.
खाली नंबर ठेवायचे चार कप्पे.
पहिल्यात इंटरनेट, दुसऱ्यात पुणे, तिसरा रिकामा.
चौथ्यात आजऱ्याकडचा एक नंबर.

आमची आजऱ्याला पार्टी नव्हती.

तेव्हा फोन लाकडी पेटीत असायचा,
किल्ली शेठजींच्या जानव्याला.
मोडेमला कुलूप नव्हतं.
दर शनिवारी, सहा वाजून गेल्यावर, शिकलगार म्हणायचा
लाईन टेस्ट करतोय, तुम्ही व्हा पुढं.
आणि बिलात आजरा, दीड मिनिट, दर शनिवारी.
मी पेनानं बाजूला लिहायची : टेस्टिंग.
तीन वर्षं.

मोडेमातनं बोलता येत नाही.
ऐकू मात्र येतं, एल तीन असेल तर.
कुठल्या तरी किराणा दुकानात रिंग वाजत असेल,
कुणाला तरी परड्यातनं हाक मारत असतील,
कुणी तरी हात पुसत येऊन म्हणत असेल, हॅलो?
हॅलो, कोण? बोला की.
आणि मग तो डबा
नियमाप्रमाणे लाईन सोडत असेल.
पन्नास सेकंदांत परड्यातनं येणं होत नाही.

चौकात पीसीओ होता, पिवळा, आमच्या दारासमोर.
बोलायचं असतं तर तिथं गेला असता.

भंगारवाल्याच्या काट्यावर डबा पाव किलोही भरला नाही.
त्याआधी पुसून टाकायचं म्हणून
मी अँड एफ टाईप केलं होतं, फॅक्टरीचं कोरं सेटिंग.
ओके म्हणाला. पण तेवढ्यानं आतलं पुसत नाही,
वर डब्ल्यू मारावा लागतो.
बोट डब्ल्यूवर होतं.
बाहेर त्यानं हातगाडीला टेकू लावला, हाक मारली,
"बाई, झालं का?"
मी वायर ओढली.